कॅसलरॉक: गाडीला थांबायला लावणारं गाव

मिरजेत वाढलेल्या माणसाच्या कानावर कॅसलरॉक हे नाव फार लवकर पडतं. आमच्या लहानपणी मिरज स्टेशनावर 'मिरज–कॅसलरॉक' पाटीची पॅसेंजर उभी असायची. मला वाटायचं, ही गाडी थेट विलायतेला जाते. दक्षिणेकडे जाणाऱ्या बाकीच्या गाड्यांवर हुबळी, लोंढा, वास्को अशी आपली वाटणारी नावं असत. त्यात हे एकच साहेबी नाव, आणि तेही कुठल्या शहराचं नसून घाटमाथ्यावरच्या जंगलातल्या एका खेड्याचं.

आमच्या घरात या खेड्याला आणखी एक अर्थ आहे. कुणी भलत्या वेळी भलतं बोलून गेलं की आजी म्हणायची, "ह्याने कॅसलरॉक केलं!" हे पद अण्णांमुळे, म्हणजे माझ्या वडिलांमुळे, रूढ झालं. ते सात वर्षांचे असताना, १९५४ च्या उन्हाळ्यात, आजी त्यांना घेऊन गोव्याच्या माहेराहून परत येत होती. तिच्या ट्रंकेत साड्यांच्या घड्यांमध्ये एक परदेशी गजराचं घड्याळ होतं. ते तिच्या भावाने दिलेलं. कॅसलरॉकला कस्टमची तपासणी झाली आणि ते जप्त झालं. अण्णांनी साहेबासमोर तोंड उघडलं म्हणून जप्त झालं, असा घरचा इतिहास.

अण्णा त्यानंतर कॅसलरॉकवरून अनेकदा गेले, पण रात्रीच्या गाडीने, झोपेत. तिथे उतरून बघू या, असं गेली दहा वर्षं चाललं होतं. यंदा अनंत चतुर्दशी झाली आणि मी बॅगा भरल्या.

दिवस पहिला: मिरज ते कॅसलरॉक

पॅसेंजरच्या वेळा आम्हाला जमेनात, म्हणून लोंढ्यापर्यंत एक्स्प्रेस आणि पुढे रस्ता असा बेत केला. शेडबाळ, उगार, मग कुडचीची कृष्णा. नदी आली की अण्णा अजून खिडकीतून नाणं टाकतात. चिंचली आलं की मायाक्काला हात जोडतात. पुढे बेळगावापर्यंत त्यांनी डुलकी काढली. बेळगावच्या फलाटावर मी कुंदा घेतला. तो संध्याकाळपर्यंत टिकायला हवा होता, पण खानापूर यायच्या आधीच अर्धा संपला.

खानापूर सोडलं की हवा बदलते. ऊस मागे पडतो, झाडं जवळ येतात, खिडकीच्या गजांना ओल सुटते. लोंढ्याला उतरलो तेव्हा पाऊस नव्हता, पण सगळं भिजलेलं होतं. ठरवलेला जीपवाला आला नाही आणि त्याचा फोनही लागेना. तासभर थांबून रिक्षाने रामनगर गाठलं आणि तिथून दुसरी जीप केली. सुपा धरणात ज्यांची गावं गेली त्यांची रामनगर ही वसाहत. जीपवाल्याच्या आजोबांचं घरही त्याच पाण्याखाली होतं. तो माझ्याशी मराठीत, फोनवर कोंकणीत आणि वाटेतल्या चौकीवर कन्नडमध्ये बोलला. जोयडा तालुका आहे कर्नाटकात, उत्तर कन्नड जिल्ह्यात, पण बोलीचा हिशेब तिथे नकाशाप्रमाणे लागत नाही.

तिनईघाटानंतर पाऊस सुरू झाला आणि तो तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबला नाही.

राहायला एक साधं घरगुती ठिकाण मिळालं होतं. घरमालकीण बाई कुणबी समाजातल्या. रात्रीच्या जेवणात नाचणीची भाकरी, उकडा भात, सोलांची कढी आणि मुडलीची भाजी. मुडली म्हणजे या भागातल्या परसात लावतात तो अळकुडीच्या जातीचा कंद. तो नीट शिजवला नाही तर घसा खाजतो, आणि नीट शिजवला तर बटाट्याकडे परत वळावंसं वाटत नाही. अण्णांनी तीनदा मागून घेतली. बाईंनी त्यांना "आजोबा, रात्री इंजिनांचा आवाज येईल, घाबरू नका" असं सांगून ठेवलं.

आवाज आला. अडीचच्या सुमाराला खालच्या दरीतून एक धडधड वर यायला लागली. ती जवळ येते, जवळ येते आणि येतच राहते. पंधरा-वीस मिनिटं तरी ती गाडी 'आत्ता पोचेल' अशा अंतरावर होती. अण्णा अंथरुणावर उठून बसले होते. "चढ आहे," एवढंच म्हणाले.

जाणाऱ्यांसाठी थोडं: गावात खाणावळी नाहीत म्हटलं तरी चालेल. जेवण आदल्या दिवशी सांगून ठेवा. रोख पैसे बाळगा, मोबाईलला रेंज असेलच असं नाही. पावसाळ्यात जळवा असतात. बुटांना आणि पायमोज्यांना तंबाखूचं पाणी किंवा मीठ चोळायची इथली रीत आहे आणि ती लागू पडते. मिरजेहून थेट गाडी आणि कॅसलरॉकला थांबणाऱ्या इतर गाड्या यांची वेळापत्रकं बदलत असतात. निघायच्या आदल्या दिवशी परत एकदा तपासा.

दिवस दुसरा: स्टेशनात

सकाळी छत्र्या घेऊन स्टेशनावर गेलो. गाव म्हणजे स्टेशन, आणि स्टेशनाभोवती रेल्वेची घरं, थोडी दुकानं, देऊळ, चर्च, शाळा. एरवी आधी गाव असतं आणि मग त्याला स्टेशन मिळतं. इथे आधी रूळ आले. सपाटीवरची गाडी जिथे घाटाची होते आणि घाटाची गाडी सपाटीची होते, त्या कडेवर थांबणं भाग होतं. तिथे थांबणाऱ्या गाडीची कामं करायला माणसं आली आणि त्यांचं गाव झालं.

इतिहास सांगायचा तर सुरुवात मिठापासून करावी लागते. १८७८ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांमध्ये एक करार झाला. गोव्याच्या मिठाचा कारभार इंग्रजांच्या हाती जायचा, त्याबदल्यात पोर्तुगीजांना वर्षाला चार लाख रुपये मिळायचे, दोन्ही मुलखांमधली जकात उठायची आणि मुरगाव बंदरापासून इंग्रजी हद्दीपर्यंत रेल्वे व्हायची. त्यासाठी लंडनमध्ये कंपनी उभी राहिली, वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे. तिच्या भांडवलावरच्या व्याजाची हमी पोर्तुगीज सरकारने घेतली. मुरगाव ते कॅसलरॉक ५१ मैल, म्हणजे ८२ किलोमीटर, मीटरगेज. पलीकडून सदर्न मराठा रेल्वेचे रूळ आले आणि १८८८ मध्ये दोन्ही इथे जुळले.

गंमत पुढे आहे. करार १८८० मध्ये अंमलात आला, बारा वर्षांचा होता, १८९२ मध्ये तो संपला आणि पुन्हा झाला नाही. म्हणजे जकात नको म्हणून ज्या कराराने ही रेल्वे बांधली, तोच रेल्वे सुरू झाल्यावर चार वर्षांत मोडला आणि जकात परत आली. या बाजूला कॅसलरॉक, त्या बाजूला कुळे, दोन्हीकडे कस्टमची नाकी. इकडचा कापूस आणि धान्य मुरगावला नेऊन ते बंदर मुंबईसारखं भरभराटीला आणायचं स्वप्न काही पुरतं खरं झालं नाही. १९०२ मध्ये पोर्तुगीज कंपनीने गाड्या चालवायचं कामच सदर्न मराठाकडे सोपवून टाकलं. कॅसलरॉकचं मात्र भलं झालं. इथे आता गाडीला दोन कारणांनी थांबावं लागत होतं, एक सरहद्द आणि दुसरं घाट.

अण्णा फलाटावर आले ते थेट एका जागेपाशी गेले. "टेबल इथं होतं."

"कशावरून?"

"समोर डोंगर दिसत होता. मी साहेबाकडं बघत नव्हतो, डोंगराकडं बघत होतो."

मग त्यांनाच शंका आली. फलाट एवढा लांब नव्हता, छप्पर वेगळं होतं, रूळ तर नक्कीच वेगळे होते. मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आलं ते १९९० च्या दशकात. चार पावलं पुढे गेले, मागे आले. एक पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारा रेल्वेचा माणूस, हे बघत होता. त्याने विचारलं, "काही हरवलं काय, आजोबा?"

अण्णा म्हणाले, "हो. चौपन्न साली."

एवढ्यावर चहा झाला. त्या पॉइंट्समनची ड्यूटी संपत होती. त्याने आणि टपरीवाल्याने मिळून आम्हाला रात्रीच्या त्या धडधडीचा उलगडा करून दिला. कुळे ते कॅसलरॉक हा ब्रगांझा घाट, चढ एकास सदतीस. अण्णा गणिताचे मास्तर, त्यांनी लगेच वहीवर काढून दाखवलं: सदतीस मीटर पुढे जाल तेव्हा एक मीटर वर चढाल. ऐकायला काहीच वाटत नाही. "सायकलवर चढून बघ म्हणजे कळेल," अण्णा म्हणाले. सायकलला निदान रबराची टायरं असतात. इथे लोखंडावर लोखंड फिरतं आणि वर पावसाचं पाणी. म्हणून गोव्याहून येणाऱ्या जड गाडीला कुळ्याला मागून जादा इंजिनं लागतात. रेल्वेत त्यांना 'बँकर' म्हणतात. पुढची इंजिनं ओढतात आणि मागची ढकलतात. कॅसलरॉकला पोचलं की मागची सुटतात आणि परत कुळ्याला जातात.

"आणि उतरताना?" मी विचारलं. मला वाटलं, उतरणं सोपं असणार.

पॉइंट्समन हसला. "उतरतानाच खरी परीक्षा, ताई. चढताना दम गेला तर गाडी फक्त उभी राहील." त्यामुळे इथून खाली सुटणाऱ्या प्रत्येक गाडीचे ब्रेक तपासतात, ड्रायव्हर-गार्डच्या सह्या होतात, आणि गाडीला रोखून धरायलाही जादा इंजिनं लावतात. घाटात कॅच सायडिंग असते. ताब्याबाहेर गेलेली गाडी बाजूला काढलेल्या त्या चढत्या रुळावर शिरून आपोआप थांबावी, अशी ही योजना. "ती वापरायची पाळी येऊ नये म्हणून आम्ही इथं आहोत," टपरीवाला म्हणाला. तो रेल्वेत नाही, पण इथे सगळेच 'आम्ही' म्हणतात.

अकराच्या सुमाराला रात्री ऐकली तशीच एक मालगाडी समोर चढून आली. आधी धुक्यात दिवा, मग बराच वेळ फक्त दिवाच. वाघिणींमध्ये काळा ओला कोळसा होता. मुरगाव बंदरात उतरणारा कोळसा याच घाटाने वर येऊन होसपेटकडच्या पोलाद कारखान्यांना जातो. पुढची इंजिनं आमच्यासमोरून गेली, मग वाघिणी मोजता मोजता अण्णांची मोजणी चुकली, आणि शेवटी मागची इंजिनं आली, तीही पुढच्यांइतकीच जोर लावत होती. गाडी थांबली. एक माणूस खाली उतरला, जोड सोडली, हवेच्या नळ्यांचा 'फुस्स' असा आवाज झाला, हिरवा झेंडा हलला. मागची इंजिनं मोकळी झाली.

आता रुळांवर विजेच्या तारा आल्या आहेत. टपरीवाल्याला त्याचा आनंद आहे आणि काळजीही आहे. उद्या इंजिनं इतकी ताकदवान झाली की थांबायलाच नको, मग इथे चहा कोण पिणार? सरहद्द गेली तेव्हा अर्धं गाव गेलं, असं त्याचे वडील सांगायचे. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली तेव्हा मुंबईहून मिरज-लोंढा मार्गे गोव्याला जाणारी माणसंही गेली. "पण घाट कुठं जाणार?" असं म्हणून त्याने आम्हाला न विचारता आणखी दोन कप ओतले.

दुपारभर पाऊस असा पडला की समोरचा रूळ दिसेना. आम्ही बाकावर बसून राहिलो. मी विचारलं, "गाडी बंद झाली तेव्हा आजी काय म्हणाली?"

१५ ऑगस्ट १९५५ ला गोवा मुक्तीसाठी हजारो सत्याग्रही निःशस्त्र आत शिरले. पत्रादेवीचा गोळीबार सगळ्यांना माहीत असतो. कॅसलरॉकच्या बाजूनेही एक तुकडी रुळांवरून बोगद्याकडे गेली होती आणि तिच्यावरही गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतर भारत सरकारने गोव्याची नाकेबंदी कडक केली आणि कॅसलरॉक–कुळे गाडी बंद झाली. पलीकडे पोर्तुगीजांची गाडी मुरगाव ते कुळे अशी आपल्यापुरती फिरत राहिली.

"काही नाही म्हणाली," अण्णा म्हणाले. "ट्रंक माळ्यावर टाकली." गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला. आजी माहेरी गेली ती १९६२ च्या मे महिन्यात. तोवर तिची आई गेली होती.

दिवस तिसरा: घाट

खाली जाणारी दुपारची लांब पल्ल्याची गाडी धरायची होती. ती रोज नसते, म्हणून अख्खी सहल तिच्याभोवती बेतली होती. ती दीड तास उशिरा आली. याच घाटात २०२३ च्या जुलैमध्ये कॅसलरॉक आणि करंझोळच्या मध्ये दरड कोसळून वाहतूक बंद पडली होती. ते आठवून मी त्या दीड तासाबद्दल तोंड मिटून ठेवलं.

इंजिनं लागली, ब्रेक तपासले आणि गाडी निघाली. निघाली म्हणजे सुटली नाही, उतरायला लागली. धावत्या गाडीत बसल्यासारखं वाटतच नाही. कुणीतरी जड पेटी दोन हातांनी धरून एकेक पायरी खाली ठेवतंय, असं वाटतं. चाकांच्या आणि ब्रेकच्या घासण्याचा एक वास डब्यात येतो. बोगदा, मग दरी, मग बोगदा. बोगद्याच्या तोंडाशी दगडांतून पाणी गळत असतं आणि खिडकीत हात असेल तर तो भिजतो. करंझोळ आलं. म्हणजे आपण गोव्यात शिरलेलो असतो. पाटी वाचेपर्यंत पुढचा बोगदा.

दूधसागर कुठल्या बाजूला दिसतो, असं डब्यात प्रत्येकजण प्रत्येकाला विचारत होता. खरं म्हणजे गाडी धबधब्याच्या समोरून जात नाही, त्याच्या अंगावरून जाते. तीनशे मीटरच्या वर उंचीचा हा धबधबा, आणि रेल्वेचा पूल त्याच्या मधोमध. एका बाजूला वरून येणारं पाणी, दुसऱ्या बाजूला तेच पाणी खाली जाताना. तुषार दोन्ही बाजूंनी आत येतात. डब्यातले सगळे लोक आधी इकडे धावले, मग तिकडे. अण्णा जागेवरून हलले नाहीत. त्यांच्या चष्म्यावर पाण्याची साय धरली होती.

मधेच सांगून ठेवते. दूधसागरला गाडीतून उतरणं आणि रुळांवरून चालत जाणं याला बंदी आहे. दरवर्षी पोरं तरी जातात, पकडली जातात आणि दंड भरतात. बोगद्यात दोन्ही बाजूंना सरकायला जागा नसते आणि उतरणारी गाडी फारसा आवाज करत नाही, हे आम्ही कॅसलरॉकला ऐकलंय. धबधब्याच्या पायथ्याशी जायचं तर कुळ्याहून वनखात्याच्या परवानगीने जीप जातात. पावसाळ्यात त्या बंद असतात, साधारण ऑक्टोबरपासून सुरू होतात. पाण्यात उतरायला लाइफ जॅकेट सक्तीचं. आणि दाराच्या पायरीवर बसू नका, फोटो खिडकीतूनही येतो.

सोनावळीच्या अलीकडे एक बोगदा आला. डब्यातले दिवे लागले नव्हते. गच्च काळोख, फक्त चाकांचा आवाज. त्या काळोखात अण्णा बोलले.

"मी काही सांगितलं नव्हतं साहेबाला."

मला आधी कळलंच नाही कशाबद्दल.

"घड्याळाचं. मी बोललो नाही. आदल्या रात्री सगळे झोपल्यावर मी ट्रंक उघडून त्याला चावी दिली. टिकटिक ऐकायची होती. परत साडीत गुंडाळून ठेवलं. वाटलं, सकाळपर्यंत थांबेल. नाही थांबलं. साहेबानं ट्रंकेला कान लावला."

बोगदा संपला. बाहेर भक्क हिरवं.

"मग आजीला का नाही सांगितलं?"

"बोललो म्हणून एक थोबाडीत बसली होती. चावी दिली म्हटलं असतं तर दोन बसल्या असत्या." थोडं थांबून म्हणाले, "नंतर मग तिला ती गोष्ट सांगायला आवडायला लागली."

सत्तर वर्षं. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी, नातवंडांनी 'कॅसलरॉक केलं' म्हणून चिडवलं आणि हा माणूस गप्प. मी काय बोलणार? पिशवीतला उरलेला कुंदा काढून पुढे केला.

कुळे आलं. हवा एकदम दमट आणि गरम, स्वेटर काढून बॅगेत गेला. इथेही गाडी थांबते. आमची जादा इंजिनं सुटून बाजूच्या रुळावर जाऊन उभी राहिली, पुढची गाडी वर ढकलायला. माकडं मात्र कॅसलरॉकपेक्षा इथे जास्त आणि जास्त निर्लज्ज. हातातली पिशवी सांभाळा. आम्ही नाही सांभाळली, कुंदा संपला तो असा.

मुक्काम कुळ्यालाच केला. संध्याकाळी उजेड होता म्हणून रिक्षाने तांबडी सुर्लाला जाऊन आलो. जंगलाच्या पोटात कदंबकाळातलं काळ्या दगडाचं महादेवाचं देऊळ आहे, लहानसं आणि अंगावर शेवाळ ल्यालेलं. आम्ही गेलो तेव्हा तिथे आम्ही, पुजारी आणि रातकिडे. वाट चांगली आहे, परतायला अंधार करू नका.

दिवस चौथा: कुळे ते कुडचडे

सकाळी स्टेशनाजवळच्या हॉटेलात पातळ भाजी, पाव आणि बन्स. गोव्यातल्या माणसाला सकाळी भाजी-पाव नाही मिळाला तर त्याचा दिवस सुरू होत नाही. तिथली मिरचीची भजी तिखट नाही असं वेटर म्हणाला. वेटरवर विश्वास ठेवू नये.

कुळ्याहून वास्कोकडे लोकल जाते. तिकीट फारच स्वस्त आणि गर्दी घरगुती. कॉलेजची मुलं, बाजाराला निघालेल्या बायका, कुणाच्या तरी मांडीवर झाकलेली कोंबडी. घाट संपल्यामुळे गाडी आता गाडीसारखी धावते. दूधसागर बघून लोक इथून टॅक्सीने निघून जातात, पण वेळ असेल तर ही लोकल चुकवू नका. याच रुळांवर, अजून पुढे चांदरला, २०२० च्या नोव्हेंबरमध्ये हजारो गोवेकर रात्रभर बसले होते. कोळशासाठी हा मार्ग दुपदरी करायला त्यांचा विरोध होता. घाटातल्या दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये रद्द केली. डब्यातल्या चांदरच्या एका बाईंनी मला हे बारकाव्यांसह सांगितलं. कॅसलरॉकच्या टपरीवाल्याला कोळशाची गाडी हवी आहे आणि चांदरच्या बाईंना नको आहे. दोघांच्याही घरापुढून ती जाते, फरक एवढाच की चांदरला ती थांबत नाही, नुसती धूळ ठेवून जाते. मी त्या बाईंच्या बाजूची आहे, पण टपरीवाल्याचा चहा मी प्यायले आहे.

आम्ही कुडचडेला उतरलो. आजीचं माहेर तिथून रिक्षाने वीस मिनिटांवर. अण्णांचे मामा केव्हाच गेले. घरी त्यांची मुलगी असते, म्हणजे अण्णांची मामेबहीण, वय चौऱ्याऐंशी. तिने अण्णांना ओळखलं ते चालण्यावरून. "चालतां तशेंच, आतेवरी," म्हणाली, म्हणजे चाल अगदी आत्यासारखी. जेवायला शीत म्हणजे भात, बांगड्याचं हुमण म्हणजे कालवण, सुंगटांची म्हणजे कोलंबीची किसमूर आणि माझ्यासाठी वेगळी ताकाची कढी. मी मासे खात नाही हे तिला कुणी सांगितलं होतं कोण जाणे. अण्णा पंधरा मिनिटांत मिरजेची मराठी विसरले आणि आजीच्या कोंकणीत बोलायला लागले. ते इतकं बोलू शकतात हे मला माहीत नव्हतं.

जेवणानंतर ओसरीवर बसलो होतो. मामेबहीण ताईंनी पानाचा डबा ओढला आणि मला विचारलं, अण्णांकडे बोट करून, की याच्या आईला आमच्या बाबांनी एक घड्याळ दिलं होतं, ते आहे का अजून घरी? बाबा मरेपर्यंत त्याच्याबद्दल बोलायचे. जर्मन घड्याळ होतं. आतेने पत्रात लिहिलं होतं, वेळ अगदी बरोबर दाखवतं म्हणून.

मी अण्णांकडे बघितलं. ते अंगणातल्या पावसाकडे बघत होते.

ताईंना माझं उत्तर पुरेसं लवकर आलं नसावं. त्यांनी सरळ अण्णांनाच विचारलं, "तें घड्याळ अजून चलता रे?"

"चलता," अण्णा म्हणाले.